एल्कहार्टहून ट्रेलर आणायचाय, टॅरिफ किती लागेल आणि कुठे लागेल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे आपलं दोघांचं बोलणं एकाच गोष्टीवर राहील. तुम्ही मिसिसागाला राहता, दोन मुलं आहेत, उन्हाळ्यात नाशिकहून सासू-सासरे येतात आणि त्यांना तंबूत झोपवणं आता जमत नाही, म्हणून बंक बेडवाला २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय. इंडियानात एल्कहार्टच्या एका डीलरकडे नवा कोरा २८,००० अमेरिकन डॉलरला मिळतोय, तसाच इकडे ऑन्टारिओत ४६,५०० कॅनेडियनला. बातम्यांमध्ये २५ टक्के टॅरिफ ऐकून तुम्ही थांबलात. आणि दुसरा प्रश्न असा की दीर मिशिगनला नोव्हायमध्ये राहतात, तर ट्रेलर त्यांच्या नावावर घेऊन इकडे आणला तर टॅरिफ वाचेल का.

मी १८ वर्षं इकडे कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करतोय, त्याआधी न्हावा शेव्याला सीएचएकडे, म्हणजे कस्टम हाउस एजंटकडे होतो, त्यामुळे ड्युटीवर ड्युटी कशी चढते ते दोन्हीकडे जवळून बघितलंय. आधी उत्तर देतो, मग कारणं. घ्या, पण फॅक्टरीला ऑर्डर देऊन तीन महिने वाट बघत बसू नका, डीलरच्या लॉटमध्ये तयार उभा असलेला घ्या. आणि दिरांच्या नावाचा विचार आजच सोडून द्या.

आता टॅरिफचं. सगळ्यात मोठा गैरसमज हा आहे की टॅरिफ "अमेरिकेतून विकत घेतलं" म्हणून लागतो. तसं नसतं. कस्टम्सला तुम्ही कुठे विकत घेतलं याच्याशी फारसं देणंघेणं नाही, ते विचारतात वस्तू बनली कुठे. एल्कहार्टच्या लॉटमध्ये उभा असलेला ट्रेलर चीनमध्ये बनलेला असेल तर तो आमच्यासाठी चिनी ट्रेलर, आणि विनिपेगमध्ये बनलेला जुना बोलर कंपनीचा ट्रेलर कोणी ओहायोतून विकत आणला तर तो कॅनडाचाच माल घरी परत आला असं धरतात. त्यामुळे किंमत विचारायच्या आधी व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक विचारा. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिकन, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, आणि एल अक्षर असेल तर चीन. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या अर्ध्या भागात बाहेरून जे लेबल चिकटवलेलं असतं त्यावर कंपनी, महिना, वर्ष, वजन सगळं असतं, त्याचा स्वच्छ फोटो मागवून घ्या.

अमेरिकेत बनलेला असेल तर कुस्मा, म्हणजे कॅनडा-अमेरिका-मेक्सिकोचा व्यापार करार लागू होतो, जो १ जुलै २०२० पासून नाफ्टाच्या जागी आला. त्याखाली अमेरिकन ट्रॅव्हल ट्रेलरवर नेहमीची कस्टम ड्युटी शून्य. हे शून्य वाचून लोक खूश होतात आणि मग २०२५ मध्ये सगळा गोंधळ झाला, कारण कॅनडाने जे प्रत्युत्तराचे टॅरिफ लावले ते नेहमीच्या ड्युटीत नव्हतेच, तो वेगळा सरटॅक्स, म्हणजे वरून लावलेला जादा कर होता, आणि कुस्माचं शून्य त्या सरटॅक्सपासून वाचवत नाही. उलट सरटॅक्स लागतोच मुळी माल अमेरिकन आहे म्हणून. म्हणजे "माझ्याकडे कुस्माचा कागद आहे, मला काही लागणार नाही" हे वाक्य अर्धंच खरं. हे मी काउंटरवर शेकडो वेळा समजावलंय आणि तरी दर वेळी समोरच्याचा चेहरा पडतो, ते बघून वाईट वाटतं, कारण तोपर्यंत त्याने पैसे भरलेले असतात.

मग ट्रॅव्हल ट्रेलरवर तो सरटॅक्स लागला का? फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅनडाने दोन टप्पे जाहीर केले होते. पहिला ३० अब्ज डॉलरच्या मालाचा, तो ४ मार्चपासून २५ टक्क्यांनी लागू झाला, त्यात संत्र्याचा रस, पीनट बटर, दारू, कॉफी, कपडे, घरगुती उपकरणं, मोटारसायकली असं होतं. दुसरा टप्पा १२५ अब्जांचा, आणि त्या घोषणेत रिक्रिएशनल व्हेइकल्सचं (आरव्ही) नाव स्पष्ट होतं. तुम्ही जी बातमी वाचली असेल ती बहुतेक तिथून आली. पण तो दुसरा टप्पा लागू झालाच नाही. नंतर ९ एप्रिलला मोटार गाड्यांवर वेगळा २५ टक्के आला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून बराचसा सरटॅक्स काढून टाकला, फक्त पोलाद, ॲल्युमिनियम आणि गाड्यांवरचा ठेवला.

इथे एक बारकावा आहे. ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीच्या मागे ओढायचा, तो कस्टम्सच्या भाषेत ८७१६.१० या टॅरिफ नंबरात येतो. मोटरहोम, ज्याला स्वतःचं इंजिन आणि स्टेअरिंग आहे, ते ८७०३ मध्ये, म्हणजे मोटारगाड्यांच्या घरात. दोन्हीला लोक आरव्हीच म्हणतात, आत दोन्हीकडे तसाच ओटा आणि तसंच टॉयलेट, पण टॅरिफच्या दृष्टीने ही दोन वेगळी जनावरं आहेत, गाड्यांवरचा सरटॅक्स ओढायच्या ट्रेलरला लागत नाही. त्यामुळे कोणी सांगितलं की "माझ्या मित्राला आरव्हीवर टॅरिफ भरावा लागला" तर पहिलं विचारा, इंजिनवाली होती का. आणि रिकामा कार्गो ट्रेलर घेऊन आत पलंग बसवायचा विचार असेल तर तो तिसऱ्याच नंबरात जातो.

आता आकडे मांडतो. डॉलर १.४० धरू, तुम्ही ट्रेलर आणाल त्या दिवशी जो बँक ऑफ कॅनडाचा रेट असेल तो लागेल. २८,००० चे झाले ३९,२००. बॉर्डरवर जीएसटी ५ टक्के, १,९६०. ऑन्टारिओत प्रांताचा ८ टक्क्यांचा भाग अशा वाहनांवर बॉर्डरवर घेत नाहीत, रजिस्ट्रेशनच्या वेळी भरायचा, ते ३,१३६. एकूण ४४,२९६. इकडच्या डीलरचे ४६,५०० अधिक १३ टक्के म्हणजे ५२,५४५. फरक ८,२४९ चा. त्यातून आरआयव्हीची (बाहेरून आणलेली वाहनं नोंदवून तपासण्याची कॅनडाची व्यवस्था) फी, जाण्यायेण्याचं पेट्रोल (एल्कहार्ट तुमच्याकडून सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि येताना ट्रेलर ओढत यायचंय, तेव्हा गाडी जवळजवळ दुप्पट पिते), एका रात्रीचं हॉटेल, तात्पुरती प्लेट, पुलाचा टोल, असे दीड हजार काढा. हातात राहतात साधारण ६,७००.

आणि समजा तुम्ही डिपॉझिट भरल्यावर, ट्रेलर ताब्यात यायच्या आधी, २५ टक्के सरटॅक्स आला. तो ३९,२०० वर लागतो, म्हणजे ९,८००. जीएसटी मग सरटॅक्स धरून जी रक्कम होते तिच्यावर, म्हणजे आणखी ४९०. बॉर्डरवरच १०,२९० जास्त. तुमची सगळी बचत गेली आणि वर साडेतीन हजार खिशातून गेले. म्हणून मी म्हणतो की आज टॅरिफ किती आहे हा अर्धा प्रश्न झाला. तुम्ही पैसे अडकवल्यापासून ट्रेलर बॉर्डर ओलांडेपर्यंत किती दिवस जाणार, हा उरलेला अर्धा. कारण दर लागतो तो माल आत येण्याच्या दिवशीचा. ऑर्डर दिली तो दिवस किंवा बिलावरची तारीख धरत नाहीत. २०२५ च्या ऑर्डरांमध्ये लागू होण्याच्या दिवशी जो माल वाटेत होता त्याला सूट होती, पण वाटेत म्हणजे खरोखर कॅनडाकडे निघालेला, फॅक्टरीत तुमच्या नावाची चिठ्ठी लावून उभा असलेला नाही.

लॉटमधला तयार ट्रेलर असेल तर शुक्रवारी बघितला, सोमवारी पैसे वायर केले, गुरुवारी ब्लू वॉटर ब्रिजवरून सार्नियात आलात. जोखीम चार दिवसांची. फॅक्टरी ऑर्डर म्हणजे आठ, दहा, कधी बारा आठवडे, आणि गेल्या काही काळात आठवड्याभरात काय काय बदललं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय कुस्मा करारातच लिहिलंय की सहाव्या वर्षी, म्हणजे १ जुलै २०२६ ला, तिन्ही देशांनी बसून त्याचा आढावा घ्यायचा. त्याच्या आगेमागे माल वाटेत अडकवून ठेवू नये असं मी माझ्या कमर्शियल गिऱ्हाइकांनाही सांगतो.

तुम्हाला ऑर्डरच द्यायची असेल, एखादा रंग किंवा लेआउट हवाच असेल, तर डिपॉझिट परत मिळेल असं लेखी घ्या, आणि कारणात "कॅनडाच्या बाजूने नवा टॅरिफ आल्यास" हे शब्द घाला. फोनवर हो म्हणणारे विक्रेते खूप असतात. इकडच्या डीलरकडे ऑर्डर दिलीत तरी हेच बघा, त्यांच्या करारात आता मागच्या पानावर बारीक अक्षरात टॅरिफ वाढल्यास फरक गिऱ्हाइकाने द्यायचा असं कलम असू शकतं. पण त्यांच्या लॉटवर जो आधीच येऊन उभा आहे त्यावर काही वाढायचं कारण नाही, तो बॉर्डर ओलांडून आलाय. हा मुद्दा घासाघीस करताना वापरा.

आता टॅरिफचा तो भाग जो बिलावर दिसतच नाही, आणि माझ्या मते खरा पैसा इथे जातोय. अमेरिकेने १२ मार्च २०२५ पासून बाहेरच्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवर २५ टक्के लावले आणि ४ जूनपासून ते ५० केले, एकट्या ब्रिटनला सोडून. ट्रेलर म्हणजे काय असतं बघा ना, खाली पोलादी चेसिस, भिंतीत ॲल्युमिनियमची फ्रेम, बाहेरून पत्रा किंवा फायबरग्लास, आत भिंतींना लुआनची पातळ प्लाय जी मुख्यतः इंडोनेशियातून येते, एक्सल, टायर, फ्रीज, एसी यातलं बरंचसं आशियातून. अमेरिकेतले बहुतेक आरव्ही एल्कहार्टच्या आसपासच्या पट्ट्यात बनतात, आणि तिथल्या प्रत्येक कारखान्याच्या दारातून हे टॅरिफ भरलेले सुटे भाग आत जातात. क्यूबेकमधलं ॲल्युमिनियम खाली जातं, तिकडे ५० टक्के भरतं, ट्रेलरची फ्रेम होऊन परत आपल्याकडे येतं, आणि आपण त्याच्यावर जीएसटी भरतो. बॉर्डरवर ड्युटी शून्य दिसली तरी किमतीच्या पोटात टॅरिफ असतोच.

याचा उपयोग तुम्हाला असा की नव्या मॉडेलची तुलना नव्याशी केली तर दोन्हीकडे हा बोजा सारखाच आहे, एल्कहार्टला घ्या नाहीतर इकडे घ्या. पण लेबलवरची बांधणीची तारीख बघितली तर २०२४ मध्ये किंवा २०२५ च्या सुरुवातीला बनलेला ट्रेलर हा बोजा चढायच्या आधीचा असतो. डीलरला मागच्या वर्षाचे मॉडेल काढून टाकायचे असतात, त्यांना त्यावर व्याज भरावं लागतं. एक वर्ष जुनं मॉडेल, न वापरलेलं, याच्याइतका चांगला सौदा मला तरी सध्या दुसरा दिसत नाही. दोन-तीन वर्षं वापरलेलाही चालेल, फक्त छताची सांध पाणी धरत नाही ना ते कोणा जाणकाराकडून बघून घ्या, ट्रेलरचं मरण गळतीत असतं.

दिरांच्या नावाचं. मी समजू शकतो हा विचार का येतो, घरातलाच माणूस आहे, पुलाच्या पलीकडे आहे. पण कॅनडात राहणाऱ्या माणसाने अमेरिकन प्लेटचा, इम्पोर्ट न केलेला ट्रेलर इकडे आणून वापरायचा नसतो. दीर स्वतः पाहुणे म्हणून त्यांचा ट्रेलर घेऊन अल्गॉनक्विन पार्कला आले, राहिले, परत घेऊन गेले तर काही हरकत नाही. तुमच्या ड्राइव्हवेत सोडून गेले की नियम मोडला, आणि तो ट्रेलर जप्त होऊ शकतो. गिफ्ट म्हणून दिला तरी कस्टम्स त्याची बाजारभावाने किंमत धरून टॅक्स घेतं. म्हणजे वाचत काहीच नाही, फक्त दिरांना त्रास.

एक अपवाद मात्र आपल्या लोकांच्या कामाचा आहे. कोणी एच-१बी वर अमेरिकेत होतं आणि आता पीआर घेऊन कायमचं कॅनडात येतंय, त्यांच्याकडे आधीपासून स्वतःचा, वापरलेला ट्रेलर असेल तर तो घरसामानाबरोबर सेटलर म्हणून ड्युटी-टॅक्स न भरता आणता येतो. पहिल्या एंट्रीच्या वेळी सामानाच्या यादीत तो लिहिलेला हवा, मागून येणार असेल तरी, आणि १२ महिन्यांच्या आत विकला तर ड्युटी-टॅक्स भरावा लागतो. यायच्या आदल्या आठवड्यात कोरा ट्रेलर घेतला आणि "माझं घरसामान" म्हणून सांगितलं तर ऑफिसर वापराबद्दल विचारणारच.

किंमत कमी लिहून घ्यायचा सल्लाही कोणीतरी देईल तुम्हाला, प्लीज ऐकू नका. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने १९,००० चा वापरलेला ट्रेलर ९,००० च्या बिलावर आणला होता. काउंटरवरच्या ऑफिसरने फोनवर विक्रेत्याची जाहिरात शोधली, तीच गाडी, तोच फोटो, किंमत तिथेच लिहिलेली. ट्रेलर जप्त, सोडवायला दंड, आणि त्यानंतर बराच काळ नायगाराहून परत येतानासुद्धा त्यांना बाजूला घेऊन सगळ्या बॅगा उघडायला लावायचे. त्या वहिनी माझ्याजवळ रडल्या होत्या, मुलांसमोर झालं म्हणून.

कागदांमध्ये एक घोळ कायम होतो तो सांगतो. नव्या ट्रेलरबरोबर डीलर जो कागद देतो त्याला मॅन्युफॅक्चरर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणतात. हा त्या ट्रेलरचा जन्मदाखला, मालकी आणि रजिस्ट्रेशनसाठी लागणारा. कुस्माचं ओरिजिनचं सर्टिफिकेशन हा पूर्णपणे वेगळा कागद. त्याला ठरावीक फॉर्म नाही, पण नऊ गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात, कोण प्रमाणित करतंय, माल काय, कुठल्या नियमाने अमेरिकन ठरतो वगैरे. नावात ओरिजिन आहे म्हणून लोक पहिला दाखवतात आणि दुसरा आपल्याकडे आहे असं समजतात. स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्यांना नियम बरेच सैल आहेत, लेबलवर अमेरिकेत बनल्याचं दिसत असलं की सहसा भागतं, तरी मी नेहमी सांगतो की डीलरकडून कंपनीच्या लेटरहेडवर मागून घ्या. फुकट मिळतो, आणि रात्री अकरा वाजता पुलावर एखादा नवा ऑफिसर असेल तर तुमच्या हातात काहीतरी असतं.

बाकी क्रम असा. निघायच्या आधी ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत ती कंपनी आणि मॉडेल इम्पोर्टला चालतं का ते बघा, आणि कंपनीकडून रिकॉल बाकी नाही असं पत्र घ्या, हे पत्र यायला कधी आठवडा लागतो म्हणून हे पहिलं काम. बॉर्डरवर आत या, रांगेतल्या बूथवाल्याला इम्पोर्ट करायचंय असं सांगा, तो आत पाठवतो. तिथे व्हेइकल इम्पोर्ट फॉर्म, म्हणजे फॉर्म १, भरून शिक्का घ्यायचा आणि जीएसटी भरायचा, त्याची पावती बी१५ फॉर्मवर मिळते, ती जपून ठेवा, रजिस्ट्रेशनला लागते. मग आरआयव्हीची फी भरली की इन्स्पेक्शनचा फॉर्म येतो आणि ४५ दिवसांत तपासणी करून घ्यायची. 'कॅनेडियन टायर' या साखळीतली बरीच दुकानं हे करतात, पण २६ फुटी ट्रेलर सगळ्यांच्या बेमध्ये मावत नाही, आधी फोन करा. १५ वर्षांपेक्षा जुना ट्रेलर असेल तर आरआयव्हीची भानगडच नाही. ऑन्टारिओत ट्रेलरची प्लेट एकदाच घ्यायची, दरवर्षी काही नाही.

अमेरिकेच्या बाजूने एक ऐकीव गोष्ट फिरते की निघायच्या ७२ तास आधी टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बॉर्डरला पाठवावं लागतं. तो नियम स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वापरलेल्या वाहनांना आहे, मोटरहोमला लागतो, ओढायच्या ट्रेलरला नाही. आणि इंडियानाचा ७ टक्के सेल्स टॅक्स डीलर तुमच्याकडून घेणार आहे का हे डिपॉझिटच्या आधी लेखी विचारा, माझ्या वरच्या हिशोबात तो धरलेला नाही आणि तो लागला तर १,९६० अमेरिकन डॉलर वाढतात, म्हणजे बचतीचा मोठा लचका जातो. वॉरंटीचंही विचारा, काही कंपन्या कॅनडातल्या डीलरला अमेरिकेत विकलेल्या ट्रेलरचं वॉरंटीचं काम करू देत नाहीत. गॅस आणि विजेचं काम कॅनडाच्या सीएसए झेड २४० या मानकाप्रमाणे झालंय का तेही लेबलवर बघा, विमावाले विचारतात.

तुमच्या गाडीची ओढायची क्षमता तुम्ही लिहिलेली नाही. २६ फुटी बंकहाउस भरल्यावर तीन टनांच्या वर सहज जातो, ऑन्टारिओच्या नेहमीच्या 'G' लायसन्सवर ४,६०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो पण साधी कुटुंबाची एसयूव्ही त्याला पुरणार नाही, आणि गाडीत ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवलेला हवा. यात काटकसर नको, गाडीत सासू-सासरे आणि मुलं असणार आहेत.

त्या डीलरकडून व्हीआयएन, लेबलचा फोटो आणि सेल्स टॅक्सचं लेखी उत्तर एवढं मागवून इथेच टाका. लेबलवरचा महिना कळला की २८,००० ही किंमत योग्य आहे की अजून हजार-दीड हजार खाली आणता येईल ते सांगतो.